पुंजाजींचं माप

"म्याडम, आज तरी ह्यांला पास करा," पद्माबाई दारातूनच म्हणाल्या. मागून त्यांचे यजमान पुंजाजी उजवा पाय ओढत येत होते.

डोंगरकड्याच्या स्टँडवर त्यांचं टेलरचं दुकान. लकव्याने उजवी बाजू गेली आणि कात्री खुंटीलाच राहिली. तेव्हापासून ते कळमनुरीला आमच्या फिजिओथेरपी केंद्रात व्यायामाला येतात. व्यायाम मी करून घेते. लागोपाठ तीन तपासण्यांत गुण वाढले नाहीत, तर व्यायाम बंद करून रांगेतल्या पुढच्या रुग्णाला जागा द्यायची, असा नियम. दोन तपासण्यांत गुण हलले नव्हते. आज तिसरी.

हात सुधारतोय हे मला दिसत होतं. पण तपासणी मारुतीच्या शेपटासारखी लांब, बोटांची पाळी शेवटी. त्यात पुंजाजी सरळ नाकासमोर चालणारे. परीक्षा आहे म्हणून पहाटेपासून हाताची कसरत करायचे आणि स्टँडपासून पायी यायचे. मग हातात जीव कुठून राहणार? मी रागावले की म्हणायचे, "अभ्यास केल्याबिगर पेपरला कसं बसावं?"

"आजचा पेपर छोटा आहे," मी म्हणाले.

पद्माबाई घाबरल्या. "काहून? आता ह्यांच्यात काही राह्यलं न्हाई म्हनून?"

"तसं नाही हो." मी सांगितलं. संशोधकांनी आमच्यासारख्या कितीतरी केंद्रांतले गुण मागवून त्यांची आकडेमोड केली होती. ज्या हालचाली एकमेकींबरोबरच सुधारतात, त्यांतली एकच ठेवली. ज्या सगळ्यांनाच जमतात, त्या काढून टाकल्या. उरल्या सहा, आणि पहिली बोटांची.

"सदऱ्यावानी म्हना की," पुंजाजी म्हणाले. "छाती, खांदा, उंची घेतली का बाकीचं बराबर अंदाजानं येतंय. गिऱ्हाइकाला उगं उभं करून काय फायदा?"

मला हसू आलं. इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नसतं.

त्यांनी नाणं चिमटीत धरलं. हात थरथरला, पण वर गेला. नाणं वाटीत पडलं आणि पद्माबाईंनी पदर तोंडाला लावला. सहाही हालचाली झाल्या तरी पुंजाजी ताजेतवाने होते. मागच्या तपासणीतल्या याच सहा हालचालींशी ताडून पाहिलं. गुण चांगलेच वाढले होते. व्यायाम चालू राहणार होता. त्या न पाहिलेल्या संशोधकांचे मी मनोमन आभार मानले.

"ज्याहिनं हे केलं, त्याहिला माझा जयभीम सांगा," पुंजाजी म्हणाले.

"त्यांनीच तुम्हाला करायला हवा. तुमचे जुने गुणही होते त्यात."

"माझे? नापासाचे?"

"नापासाचेच. तुम्ही सगळे शेवटी दमता हे त्या गुणांतूनच दिसलं, म्हणून तर पेपर छोटा झाला."

ते बायकोला म्हणाले, "ऐकलं का? दुसऱ्याची तकलीफ वाचली म्हनं आपल्यामुळं."

निघताना ते दारात वळले. "जयभीम, म्याडम." डावा हात छातीशी आला आणि तिथेच थांबला. उजवा हळूहळू वर येत होता. मी खुर्चीतून उठले आणि दोन्ही हात जुळेपर्यंत उभी राहिले.