चौथा गिअर

धर्मपाल तेलगोटेचा डावा पाय साखरेच्या आजारात घोट्याच्या वरून कापावा लागला, तेव्हा त्याला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एसटीत एकतीस वर्षं ज्या पायानं क्लच दाबला, नेमका तोच गेला. पण उजवा शाबूत होता, आणि एकट्या उजव्या पायावर चालणाऱ्या गाड्या असतात हे त्याला माहीत होतं. अमरावतीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी ऑटोमॅटिक कार त्यानं घेतली, परवान्यावर आरटीओचा शेरा मारून घेतला, आणि दर रविवारी तो अकोल्याला जाऊ लागला.

अकोल्यात त्याचा थोरला भाऊ देवमन अंथरुणावर होता. लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. एकुलती मुलगी पौर्णिमा त्याचं सगळं करायची. ती तिथल्या तंत्रनिकेतनात मोटारगाड्यांचा विषय शिकवायची. ती कामावर असताना बेबीताई नावाची बाई घरी थांबायची. रविवारी बेबीताईची सुट्टी. त्या दिवशी देवमनची अंघोळ असायची, आणि ती एकट्या माणसाचं काम नव्हतं. धर्मपाल न्हाणीत खुर्ची टाकून बसायचा, भावाची पाठ आपल्या छातीशी धरायचा, आणि पौर्णिमा पाणी घालायची. देवमन डोळे मिटून घ्यायचा. आठवड्यात तेवढाच अर्धा तास त्याचा चेहरा सैल पडायचा.

गाडी गावात सरळ वागायची. बडनेरा सोडून हायवेला लागलं की तिचं काहीतरी बिनसायचं. सत्तरच्या पुढं गेलं की इंजिनाचा आवाज एकदम खाली बसायचा, फेऱ्यांचा काटा गळाल्यासारखा खाली यायचा. धर्मपालला वाटायचं, गिअर निसटला. तो ॲक्सिलरेटर दाबायचा. गाडी गुरगुरून पुन्हा जोर धरायची, मिनिटभरानं पुन्हा आवाज बसायचा, तो पुन्हा दाबायचा. अकोल्यापर्यंत हेच. आयुष्यभर गिअर त्याच्या हातात राहिला होता. कोणता कुठं टाकायचा ते त्याच्या कानाला कळायचं. ही गाडी त्याला न विचारता बदलत होती. अमरावतीतल्या दोन मिस्त्रींना त्यानं दाखवली. दोघांनी ती गावातच फिरवून पाहिली आणि काही दोष नाही म्हणून सांगितलं.

हिवाळ्यात एका रविवारी त्यानं पौर्णिमेला ही गोष्ट सांगितली. अंघोळ आटोपून देवमन झोपला, शेजारीण बसायला आली, तेव्हा ती काकासोबत बोरगाव मंजूपर्यंत गेली आणि परत आली. तिला समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तिनं सांगितलं की आवाज बसतो तो दोष नाही. तो चौथा गिअर, ओव्हरड्राइव्ह. मोकळ्या रस्त्यावर एकसारखा वेग असला की गाडी तो आपणहून टाकते. चाकं तेवढीच पळतात, इंजिन मात्र निवांत चालतं. थोड्या वेळानं आतला आणखी एक क्लच घट्ट बसतो, मग काटा आणखी जरासा उतरतो. चढ आला, समोरून वारा आला, की चौथ्यात ताकद पुरत नाही म्हणून ती तिसऱ्यात येते. आपण पाय दाबला तरी तिला वाटतं, जोर पाहिजे, म्हणून ती तिसऱ्यात येते. गिअरच्या दांड्यावर एक बटण होतं, ते धर्मपालनं आजवर दाबलं नव्हतं. ते दाबलं की चौथा बंद होतो, समोर पिवळा दिवा लागतो आणि गाडी तिसऱ्यातच राहते. पुलाच्या चढावर ते दाबायचं, सपाटीला आलं की सोडायचं.

"डॉक्टरनं काहून नाही सांगतलं मले?" धर्मपालनं विचारलं.

डॉक्टर गावाबाहेर गेलेच नसतील, ती म्हणाली. चौथा गिअर त्यांनी कधी ऐकलाच नसेल. मग तिनं गाडी बाजूला घ्यायला लावली, बॉनेट उघडून गिअरच्या ऑइलची पट्टी ओढली, फडक्यावर पुसली आणि नाकाशी नेली. ऑइल लाल असायला हवं होतं. फडक्यावर काळपट डाग उमटला. तिनं काकालाही वास घ्यायला दिला. करपलेल्या दुधासारखा वास होता. सारखा गिअर बदलत राहिला की ऑइल तापून असं करपतं, ती म्हणाली.

"हे कवापासून असं बदलून राहिली, काका?"

"घेतली तवापासून. आठ महिने झाले असतील."

पौर्णिमा फडकं घडी करत राहिली.

"म्हंजे मीच जाळली का हे?"

"तुमाले कोणी सांगतलं नव्हतं ना," ती म्हणाली. ते उत्तर नव्हतं, आणि दोघांनाही ते कळलं.

ऑइल बदललं. त्या दिवसापासून धर्मपालनं गाडी जशी चालवायला हवी तशीच चालवली. अकोल्याच्या रस्त्यावरचा एकेक पूल, एकेक चढ त्याच्या अंगठ्याला पाठ झाला. काटा कधी उतरणार हे त्याला आधी कळायचं. चार महिने गाडी इतकी गुणानं चालली की तो शालूला, आपल्या बायकोला, म्हणायचा की असं यंत्र एसटीत असतं तर क्लच दाबून गुडघे झिजले नसते. पण आतल्या क्लचच्या करपलेल्या प्लेटा नवं ऑइल घालून नव्या होत नाहीत, हेही तो आता जाणत होता.

मे महिन्यात एका बुधवारी दुपारी एकला पौर्णिमेचा फोन आला. देवमनचा श्वास लागला होता. डॉक्टर घरी येऊन गेले होते. आता हलवण्यात अर्थ नाही असं म्हणाले होते. "ते दरवाजाकडं पाहून राहिले, काका," एवढंच ती म्हणाली.

सव्वा वाजता तो निघाला. ऊन असं की डांबर ओलं दिसत होतं. पश्चिमेचा वारा समोरून येत होता. पुलांवर त्यानं बटण दाबलं, सपाटीवर सोडलं, पण वेग मात्र शंभरच्या खाली येऊ दिला नाही. मूर्तिजापूर मागं टाकलं आणि चौथ्यात काटा वर चढला. आवाज वाढला, वेग वाढला नाही. त्यानं पाय उचलला, हलकेच दाबला, पुन्हा तेच. मग पिवळा दिवा लागला. बटण दाबलेलं नव्हतं. दिवा लुकलुकत होता.

सहा महिन्यांपूर्वी त्याला याचा अर्थ कळला नसता, तो तसाच दामटत गेला असता. आता त्याला सगळं दिसत होतं: ऑइल उकळतंय, प्लेटा घसरताहेत, आणखी दहा-वीस किलोमीटर असंच पळवलं तर गाडी आहे तिथं बसेल. पौर्णिमेनं सांगितलं होतं, दिवा लुकलुकला तर थांबायचं, अर्धा तास थंड होऊ द्यायची, मग तिसऱ्यात हळू न्यायची.

तो थांबला. कडुनिंबाच्या सावलीत गाडी घेतली, बॉनेट उघडलं. दोन एसट्या अकोल्याकडं गेल्या. त्यानं पहिलीला हात केला. ती थांबली नाही. दुसरी आली तेव्हा अर्धा तास भरत आला होता; तिला हात केला नाही. तो घड्याळाकडं बघत बसला. अर्ध्या तासानं निघाला आणि तिसऱ्यात, साठच्या आत, ट्रकांना वाट देत अकोल्यात पोचला. वीस मिनिटांपूर्वी देवमन गेला होता.

पौर्णिमेनं बापाचे डोळे मिटवले होते. ती रडत नव्हती. धर्मपाल खाटेशी बसला, भावाचा हात हातात घेतला. हात अजून गरम होता, पण त्या दिवसांत अकोल्यात सगळंच गरम असतं.

जलदानविधी झाल्यावर, माणसं पांगल्यावर, त्यानं पुतणीला विचारलं.

"थांबलो नसतो, तर पोचलो असतो काय?"

दुसऱ्या कोणी नाही म्हटलं असतं. पौर्णिमा शिकवणारी होती, खोटं सांगायची तिला सवय नव्हती.

"पोचले बी असते," ती म्हणाली. "बोरगावपाशी बंद बी पडली असती. सांगता येत नाही, काका. तुमी केलं ते बरोबरच केलं."

"बरोबरच केलं," तो म्हणाला.

गाडी जूनमध्ये अमरावतीत, घराच्या फाटकातच बसली. दांडा ओढला, इंजिन चाललं, चाकं हलली नाहीत. श्याम मिस्त्रीनं खालून पाहिलं आणि सांगितलं की या मॉडेलचा गिअरबॉक्स आता कुठं मिळत नाही, जुन्या बाजारातही नाही. पौर्णिमेनं जळगावला बदली मागून घेतली. अकोल्याचं भाड्याचं घर सोडताना तिनं फोन केला, एकदा येऊन जा म्हणाली. तो येतो म्हणाला. गेला नाही.

भंगारवाले आले तेव्हा शालूनं विचारलं, गाडीतलं काही काढून ठेवायचं आहे का. काही नव्हतं. त्यानं दांडा न्यूट्रलला टाकून दिला आणि तिघा माणसांनी गाडी ढकलत रस्त्यावर नेली. तो फाटकाला धरून उभा राहिला. मग उन्हानं डोकं चढलं म्हणून आत गेला, नकली पाय काढून भिंतीशी ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. शालूनं दोनदा जेवायला हाक मारली. त्यानं ऐकली, पण उठला नाही.