कलम सतरा आणि नीलम्मांची शेंगापोळी

निलंग्याच्या बाजारात महादेवप्पांचं कापडदुकान तीस वर्षं चाललं, पण त्यांना स्वतःला त्यात कधी गोडी वाटली नाही. दिवसभर साड्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. त्यामुळं पुण्याच्या ‘गोडघास पोळी’ कंपनीनं निलंग्याची फ्रँचायझी देऊ केली, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी ते नवरदेवासारखे खुलले. कंपनीची लाल टोपी पार्सलनं आली, त्याच दिवशी ती घालून अख्ख्या बाजारात हिंडून आले.

पाठोपाठ करारनामा आला. बेचाळीस पानं, सगळी इंग्रजीत. महादेवप्पांनी खिशातलं पेन काढलं.

“वाचलं का?” त्यांच्या बायकोनं, नीलम्मांनी विचारलं.

“त्यात काय वाचायचं? पुण्याची कंपनी हाय.”

“एक साडी घ्यायची तर बायका काठ बघतेत, पदर बघतेत, उजेडात नेऊन बघतेत. अन् तुमी बेचाळीस पानं न बघता सही करून राहिलात?”

दुकानातलाच दाखला निघाल्यावर महादेवप्पांनी पेन पुन्हा खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं लातूरला वकिलाकडं गेले. अ‍ॅडव्होकेट लुंबिनी तिशीच्या आतली निघाली, तेव्हा महादेवप्पा जरा हिरमुसले. ती मात्र पेन्सिल घेऊन तासभर मान खाली घालून वाचत राहिली. तेवढ्या वेळात महादेवप्पांनी टोपी तीनदा घातली आणि तीनदा काढली.

शेवटी तिनं वर बघितलं आणि प्रश्न विचारला तो नीलम्मांना.

“काकू, तुम्ही घरून काही विकता का?”

“हाव. शेंगापोळ्या. लग्नसराईत लई मागणी असती.”

“मग हे ऐका. कलम सतरा. फ्रँचायझी घेणाऱ्याच्या घरातल्या कुणीही, कुठलीही पोळी विकायची नाही. करार संपल्यावरसुद्धा दोन वर्षं नाही.”

नीलम्मा सावकाश नवऱ्याकडं वळल्या. महादेवप्पा पंख्याकडं बघू लागले.

“कलम तेवीस. तुमच्या दुकानात नवा पदार्थ निघाला, तर त्याची कृती कंपनीची. आणि निलंग्यात दुसरं दुकान देणार नाही, असं तर कुठंच लिहिलेलं नाही. उद्या तुमच्या समोरच दुसरा गोडघास उघडू शकतो.”

“मंग मी मालक कशाचा?”

“शटरचा,” लुंबिनीनं हसू दाबलं. “काका, धंदा वाईट नाही. पण हे तीन बदल लेखी मागा. तोंडी शब्दावर जाऊ नका, आणि तोवर सही नाही.”

शुक्रवारी कंपनीचा माणूस, आदिनाथ, निलंग्यात दुकानावर आला. बदलांचा कागद बघून म्हणाला, “काका, आमचा करार सगळीकडं एकच असतो. कुणी असलं मागत नाही.”

“मी मागून राहिलो,” महादेवप्पा म्हणाले. कागद त्यांनी मागं घेतला नाही.

नीलम्मांनी पाहुण्यापुढं घरून आणलेल्या शेंगापोळ्या आणि तूप ठेवलं. आदिनाथनं एक खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, “काकू, सारण इतकं मऊ कसं होतं हो?”

कौतुकानं नीलम्मा फुलल्या. “सोपं हाय. शेंगदाणे भाजताना—”

“थांब!” महादेवप्पा एवढ्या जोरात ओरडले, की शेजारचा शिंपी मशीन बंद करून डोकावला. “कलम तेवीस!”

आदिनाथला ठसका लागला. पाणी पिऊन तो खो खो हसत सुटला. मग बाहेर जाऊन त्यानं पुण्याला फोन लावला. अर्ध्या तासानं आत आला तो मान हलवतच. सतरा आणि तेवीस काढायला कंपनी तयार होती. निलंग्यात दुसरं दुकान न देण्याची हमी मात्र पाच वर्षांपुरतीच मिळणार होती. महादेवप्पांनी तिथल्या तिथं हो म्हटलं नाही. लुंबिनीला फोन करून विचारलं. “चालेल,” ती म्हणाली, “पण आधी कागदावर येऊ द्या.”

नवा करार आला, तिनं तो पुन्हा पानन् पान तपासला आणि मगच सही झाली.

पोळीच्या दुकानाच्या उद्घाटनाला गर्दी चांगली जमली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून नीलम्माच पुढं आल्या. कंपनीची पोळी तोडून त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला. महादेवप्पांनी टोपी काढून हातात धरली.

“वाईट न्हाई,” नीलम्मा म्हणाल्या.

महादेवप्पांनी शेजारच्या शिंप्याला हाक मारली आणि बायको काय म्हणाली ते त्याला दोनदा सांगितलं.