पाचवे पाणी

मी एक जुना, टवके उडालेला इनॅमलचा ट्रे आहे, मित्रांनो. लातूरच्या गंजगोलाईमागे गुरुलिंगआप्पांचा फोटो स्टुडिओ होता. तिथल्या अंधारखोलीत फोटो धुण्याचे काम माझ्याकडे होते. हायपो नावाच्या औषधाने फोटो टिकतो. पण तेच औषध कागदात उरले, तर वर्षे गेल्यावर चित्र खाऊन टाकते. म्हणून आप्पा प्रत्येक फोटो पाच पाण्यांतून काढत.

रविवारी दुपारी बाजार थंडावला की काही पुरुष जोडीने येत. त्यांचा एकमेकांवर जीव होता आणि हे घरी सांगण्याची सोय नव्हती. लग्नाच्या जोडप्यासारखे, एक खुर्चीत बसे, दुसरा त्याच्या खांद्यावर हात ठेवी. फोटो घरी नेता येत नसे. तो आप्पांच्या पत्र्याच्या डब्यात राही. पुढे आप्पा कॅमेरा घेऊन त्यांच्या भाड्याच्या खोल्यांत, चहाच्या हॉटेलांतही जाऊ लागले. चाळीस वर्षांत सात डबे भरले. या शहरात अशीही माणसे जगली, याचा बहुधा तेवढाच पुरावा असेल.

आप्पांचाही एकावर जीव होता. अंधारखोलीचा काळा पडदा शिवून देणारे दस्तगीर शिंपी.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांतल्या अर्जांसाठी फोटो काढून घेणाऱ्यांची रांग लागली. पुढे दुष्काळ आला. टँकर आठवड्याने येई. शिवणकाम आटले, तेव्हा दस्तगीर बहिणीकडे नांदेडला कायमचे निघाले. जाण्याआधी दोघांनी आपला एकमेव फोटो काढला.

"पाणी एकच घागर हाय," आप्पा म्हणाले. "लोकांचे फोटो आधी धुतो. आपला काय, घरचाच हाय. मागून, पाऊस पडला की धुऊ."

"तुमचं हे 'मागून' लई बघितलं, आप्पा," दस्तगीर हसले. "पडदा शिवला तवाबी मागूनच चहा पाजला व्हता."

त्या निगेटिव्हला आणि फोटोला एकच पाणी लाभले, तेही वापरलेले. पाऊस पडला, माझ्यात पुन्हा पाणी खळखळले. पण दस्तगीर गेल्यावर डब्यातला तो फोटो बाहेर काढून बघण्याचे धैर्य आप्पांना झाले नाही.

नवे कॅमेरे आले आणि मी माळ्यावर गेलो. लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या उन्हाळ्यात दस्तगीरांची बहीण खातूनबी नांदेडहून आली. दस्तगीर वारले होते.

"भाईजान म्हनायचे, माझा एक फोटो आप्पाकडं हाय."

आप्पांनी डबा उघडला. इतरांचे चेहरे जसेच्या तसे होते. या एका कागदावर मात्र तपकिरी डाग पसरला होता.

"ह्यात तर कोनीच न्हाई, आप्पा."

"हाय की. खुर्चीत तुमचे भाईजान." आप्पांनी डागावर बोट ठेवले. "आन् इथं मी. हात इथं, खांद्यावर."

खातूनबीने तो उजेडाकडे धरून बघितला. मग तिने तो कागद त्यांच्याच हातात दिला. "तुम्हाला दिसतंय न्हवं? मग तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

ती गेल्यावर आप्पांनी मला माळ्यावरून काढले आणि रांगेत मिळालेल्या घागरीतले पाणी माझ्यात ओतले. पहिले, दुसरे, तिसरे, चौथे, पाचवे. डाग निघणार नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणत नाही. पण पाणी कमी असेल, त्या दिवशी आपल्या माणसाचा फोटो आधी धुवा. लोकांचे मागून चालते.