डाव्या कडेची जागा

शालूने दुधाचं माप गेणूच्या पातेल्यात ओतायला घेतलं, आणि तेवढ्यात गेणूने फळीवर अशी काही मूठ आपटली की निम्मं दूध शेगडीवर सांडलं.

“मेलेला गडी टीममधी घ्यायचा का न्हाई, एवढंच सांगा आबा!”

“मेलेला कुटं हाय? काल माज्या दारावनं गेला. माज्याकडं बघून हसला बी.”

“मेलेली हसत न्हाईत व्हय?”

कोंडाजीआबांनी यावर नीट विचार केला. सगळी हयात रेल्वेच्या फाटकावर काढलेला माणूस. गाडी दिसल्याशिवाय हात हलवायचा नाही, ही सवय बोलण्यातही उतरलेली.

“हसत आसतील,” ते शेवटी म्हणाले. “पर दात दिसत न्हाईत म्हणं.”

बाकावरच्या सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. शालूला हसू आलं आणि रागही आला. ज्याच्या दातांबद्दल हे चाललं होतं तो तिचा सख्खा भाऊ होता, सोपान, आणि ती तिथे उभी आहे हे सगळ्यांना दिसत होतं. पण लोणावळ्यात हॉकीची मॅच व्हायची रेल्वेच्या ग्राउंडावर आणि टीम निवडली जायची गेणूच्या हॉटेलात. कप्तान बजरंगसुद्धा मॅचच्या आदल्या दिवशी इथे येऊन मुकाट्याने ऐकून घ्यायचा. आजही कोपऱ्यात बसला होता, बशीतल्या चहात बघत.

“बरं, जित्ता धरू,” गेणू म्हणाला. “पर मेलेला परत आला म्हणून भटजींनी त्याचं नवं बारसं केलं का न्हाई? पाळण्यात मावंना, म्हणून नुसता पायाचा अंगठा ठिवला. घुगऱ्या आमी बी खाल्ल्या. म्हंजी ह्यो सोपान नवा. वय मोजा! चार म्हैन्याचं पोर लेफ्ट आउटला खेळवताय?”

“गेणूभाऊ,” शालू म्हणाली, “मग चार महिन्यांच्या पोराला काल तुम्ही कांदाभजी कशी वाढलीत?”

अख्खा बाक खदखदला. गेणू मात्र हसला नाही.

“लांबनं वाढली,” तो म्हणाला. “ताटली सरकवली.”

हसणं जसं आलं तसं गेलं. शालूने रिकामं माप उचललं. लांबून ताटली सरकवणारी तिच्या घरीही एक होती. सोपान दारात उभा राहिला त्या संध्याकाळी आईने हंबरडा फोडला, भाकरतुकडा ओवाळून टाकला, दृष्ट काढली. पण तेव्हापासून एकदाही पोराच्या अंगाला हात लावला नव्हता. रात्री त्याच्या अंथरुणाशी कंदील जळत ठेवायची आणि दाराआडून बघत बसायची, त्याची सावली पडते का ते.

शालूच्या मते यावर औषध एकच होतं. सोपान पूर्वी डाव्या रेघेने बॉल घेऊन सुटला की सगळं ग्राउंड उभं राहायचं आणि “सोपाऽन!” अशी आरोळी उठायची, ती थेट त्यांच्या चुलीपर्यंत ऐकू यायची. तशी आरोळी उद्या एकदा उठायला हवी होती. एकदाच. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुणी तसं ओरडत नाही, हे आईलाही कळलं असतं.

पण जागेचा तिढा होता, आणि तो साधा नव्हता.

घाटात विजेची इंजिनं सुरू झाली त्या पावसाळ्यात सोपान वडिलांशी भांडून निघून गेला. मुंबईला जाऊन बोटीवर लागला आणि रागापायी घरी एक शब्द कळवला नाही. तो गेला त्याच आठवड्यात इंद्रायणीच्या पुरात वळवणच्या अंगाला एक प्रेत लागलं. तोंड राहिलं नव्हतं. अंगावरच्या कपड्यावरून वडिलांनी ओळखलं, अग्नी दिला. पण दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. वडील म्हणाले, तुझा बैल विकणार नाही. आई म्हणाली, शालूला शिकवीन. कावळे झाडावरून हलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा मागे उभा असलेला बजरंग पुढे झाला, हात जोडून म्हणाला, “डाव्या कडंची जागा तुजी. दुसऱ्या कुणाला देणार न्हाई.” त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा खाली होता.

शब्द दिला तो पाळला. तेव्हापासून टीम दहाच गडी घेऊन उतरायची. लेफ्ट आउटची जागा रिकामी. समोरचे हसत यायचे आणि गप्प होऊन जायचे, कारण ह्या दहांना कुणी हरवू शकलं नव्हतं. आणि ग्राउंडावर डाव्या रेघेच्या आतून गवतात एक वाट पडली होती. पाऊलभर रुंद, सरळ गोलकडे गेलेली. तिथून कुणी पळत नव्हतं.

“माजं म्हणणं साधं हाय,” कोंडाजीआबा म्हणाले. “शबुद सोपानला दिला. सोपान आला. जागा त्याची.”

“शबुद पिंडाला दिला आबा. पिंड ज्याला पावला त्याची जागा. आन सोपान तर तवा बोटीवर मासं खात हुता.”

“मग पावला कुणाला?”

प्रेत कुणा परक्याचं, कुठूनसं वाहत आलेलं, असं सोपान परतल्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि घरात तर आई तो विषयच काढू देत नव्हती. शेगडीवरचं सांडलेलं दूध करपत होतं. तो वास सगळ्यांच्या नाकात गेला तरी कुणी उठलं नाही.

बजरंगने बशी पालथी घातली.

“उद्या खेळवतो त्याला,” तो म्हणाला आणि शालूकडे न बघता बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी कल्याणची टीम आली. दुपारपासूनच ग्राउंडाच्या चारही बाजूंना माणसं दाटली. बायका नेहमी बसत तिथे, डाव्या रेघेच्या मागे, शालूने जागा धरली. शेजारी भुशीच्या वरच्या वाडीतली सावित्राबाई बोरांची पाटी घेऊन बसली होती. तिने मूठभर बोरं शालूच्या ओटीत टाकली.

“मावशी, नको.”

“घे गं. तुजा भाऊ देवाघरनं आला. माजा शिदू तर नुसता ममईला गेलाय.” ती हसली. “लोक म्हणत्यात, गोदीत लागला आसंल. आता दोन पावसाळं झालं. येईल की न्हाई?”

“येईल की,” शालू म्हणाली, जसं सगळेच म्हणायचे, आणि बोर तोंडात टाकलं.

शिट्टी झाली. सोपान आपल्या जागेवर उभा होता. काळवंडला होता, पण उभं राहण्याची ढब तीच. एक खांदा किंचित पुढे. बजरंगने बॉल त्याच्याकडे सारला. सोपानने तो स्टिकवर घेतला आणि सुटला. आरोळी उठणारच होती.

तेवढ्यात सोपान आत सरकला. समोर कुणी नव्हतं. बांधावर समोरून माणूस आला की आपण अंग चोरून वाट देतो, अगदी तसा तो सरकला, आणि बॉल रेघेबाहेर गेला.

“पाय घसरला,” पलीकडून कोंडाजीआबा म्हणाले.

पुन्हा बॉल आला. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी सोपान त्या वाटेवर पाय रोवून उभाच राहिला, आणि शालूने पाहिलं, गर्दीत मागून धक्का लागावा तसा त्याचा खांदा हलला. शिव्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. गेणूसुद्धा तोंडात पान धरून नुसता बघत होता.

मग बजरंगने, सवयीने की कशाने कोण जाणे, बॉल सोपानकडे न देता त्याच्या पलीकडे, त्या रिकाम्या वाटेवर सोडला. बॉल पळत गेला आणि गोलच्या अलीकडे थांबला. गवतात अडकून थांबतो तसा नाही. कुणी स्टिक आडवी धरावी तसा. कल्याणचा बॅक त्याच्यावर धावून गेला, अगदी जवळ पोहोचला, आणि एक पाऊल मागे येऊन उभा राहिला. आपण मागे का आलो, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

हाफटाइमला सोपान रेघ ओलांडून आला तो सरळ शालूपाशी. ती त्याला घेऊन जांभळीच्या झाडाखाली गेली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने पाणी तोंडावर मारलं. प्यायला नाही.

“जागा रिकामी न्हाई, शाले.”

“दादा, असं काय बोलतोस?”

“बाजूनं कुणीतरी पळतंय. पाय वाजत्यात. अनवाणी हाय.” त्याने तांब्या खाली ठेवला. “मला एक सांग. त्या पुरातल्या गड्याला तुमी मी म्हणून वळखलं, ते कशावरनं?”

“आई रागावेल.”

“सांग.”

“जर्सीवरून,” शालू म्हणाली. “टीमची हिरवी जर्सी होती अंगात. तुझी. काखेत आईनेच घातलेला टाका होता.”

सोपान खाली बसला. तो तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

“मी जाताना भुशीच्या तळ्याव गेलतो,” तो म्हणाला. “ती जर्सी तळ्यात टाकायची, आन हॉकी पुन्ना खेळायची न्हाई, आसं डोस्क्यात. धरणाच्या भिताडाव शिदू बसला हुता. वाडीतला.”

“सावित्राबाईचा?”

“तोच. साहेबाच्या घोड्याला गवात आणायचा. प्रॅक्टिसला रोज हितं रेघंवर हुबा ऱ्हायचा. एकदा मला म्हणला हुता, भाऊ, मला घेतील का रं? मी लय हसलतो.” सोपानने नाक पुसलं. “त्या दिवशी म्हणलं, टाकण्यापरीस ह्याला द्यावी. त्यानं तितंच आंगात घातली. म्हणला, पळून दावू का? आन पळाला की. ओल्या भिताडावनं, ह्या टोकापासनं त्या टोकाला. मी गाडी चुकंल म्हणून निघालो. वळून बगितलं न्हाई.”

ग्राउंडावरून गर्दीतली वाक्यं तुटक तुटक येत होती. बसवा त्याला. नको, राहू द्या. आता गावचं नाव जाणार. सोपानबद्दलच सगळे बोलत होते. त्याने यावं, त्याने येऊ नये, आला तर कुठे उभं राहावं. दोन पावसाळे झाले, पण शिदूचं नाव शालूने गेणूच्या हॉटेलात एकदाही ऐकलं नव्हतं.

“सावित्राबाईला काय सांगू शाले? ती मला बगितल्यापासनं खूश हाय.”

शालूला शाळेत कुठल्याही प्रश्नाला सगळ्यांत आधी हात वर करायची सवय होती. आता तिने त्याच्यापुढचा तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी झाडाला ओतलं.

शिट्टी झाली. सोपान उठला, ग्राउंडात गेला आणि हातातली स्टिक बजरंगला दिली.

“धाच खेळा,” तो म्हणाला.

बजरंगने त्याच्याकडे पाहिलं, मग रेघेकडे पाहिलं, आणि स्टिक घेतली. सोपान पाठ करून गर्दीतून जाऊ लागला तशी माणसं दोन्ही बाजूंना सरली. त्याला जायला हवी होती त्याहून मोठी वाट झाली. शालूला वाटलं, धावत जाऊन त्याचा हात धरावा. पण ती परत आपल्या जागेवर आली. सावित्राबाई मान खाली घालून किडकी बोरं वेचून बाजूला टाकत होती.

खेळ सुरू झाला. बॉल मधून फिरला, अडला, सुटला आणि बजरंगपाशी आला. बजरंगने मान वर केली. डावी कड मोकळी होती. त्याने बॉल तिकडे सोडला.

बॉल वाटेला लागला आणि गवत दबत गेलं. सगळं गाव बघत होतं, आणि कुणाच्या तोंडून आवाज फुटत नव्हता, कारण ओरडायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. शालू उभी राहिली. बायकांत तोपर्यंत कुणी उभं राहिलेलं नव्हतं. पदर ओढून तिला खाली बसवायला कुणीतरी हात घातला. तिने तो झटकला.

“शिदूऽ!” ती ओरडली. घशाच्या देठापासून, दोन्ही हात तोंडाशी धरून. “पळ! शिदूऽ!”

गेणू वळला. कोंडाजीआबा वळले. अख्खं ग्राउंड वळून तिच्याकडे बघू लागलं.

फक्त सावित्राबाई वळली नाही. किडकं बोर तिच्या हातातच राहिलं. तिने मान वर केली, ग्राउंडाकडे, आणि तिची नजर रेघेच्या ह्या टोकाला लागली. मग गवतातल्या वाटेने, वेग घेत, कशाच्या तरी मागे मागे, पार त्या टोकापर्यंत गेली.