वार्निशखाली गुदमरलेला मासा

मित्रांनो, मी एक नवाकोरा मासा होतो, आणि तेच माझं सगळ्यात मोठं दुखणं होतं. बाकीच्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की काय सांगतात? आम्ही झिजलो, आम्ही गंजलो, आम्हाला कुणी विचारत नाही. माझं उलटं. मला इतकं विचारलं, इतकं जपलं, की बोंब मारावीशी वाटायची. पण मारणार कशी? माझं तोंड म्हणजे नुसती रंगवलेली रेघ. त्याखाली प्लास्टिकची एक चपटी जीभ आहे, पण ती बोलायला नाही, पाणी कापायला.

म्हणजे मी खोटा मासा. पाइनच्या जाड सालीतून कोरलेला. पोटात शिशाचा तुकडा, अंगातून आरपार तार, पोटाखाली एक आणि शेपटीला एक गळ. होडीमागे दोरीनं ओढलं की मी कंबर हलवत पळायचं, आणि मोठ्या माशाला वाटायचं, अरे, हा लंगडा चाललाय, याला गिळावं. बास, एवढंच माझं काम. फिनलंडात आमच्या कैतेले तळ्याच्या काठी असे मासे घरोघरी कोरतात, आणि रोज पाण्यात टाकतात. रोज. हे लक्षात ठेवा.

मला कोरलं कालेर्वोनं. जन्मभर या तळ्यावर ओंडके ओढणारी बोट चालवली, आता म्हातारपणी मासे कोरत बसतो. फेब्रुवारीत तळं गोठलेलं होतं, तर यानं बर्फाला पाडलेल्या भोकात मला सोडलं, तसाच, उघडा, अंगावर रंगाचा ठिपका नाही, आणि इकडून तिकडे ओढलं. काय सांगू तुम्हाला! डोक्यापासून शेपटीपर्यंत मी असा काही वळवळलो की मलाच माझं कौतुक वाटलं. मला वाटलं, चला, नोकरी लागली.

कसली नोकरी. आधी रंग.

कालेर्वोचा हात गेल्या शरदापासून थरथरतो. त्यानं कोपर टेबलाला टेकवलं, श्वास धरला, आणि एकेक काळा पट्टा ओढला. हिरवी पाठ, चांदीचं पोट, तांबडे पंख. शेपटीजवळचा शेवटचा पट्टा मात्र घसरला आणि वाट चुकल्यासारखा पोटाकडे गेला. त्यानं कुंचला खाली ठेवला.

"हा शेवटचा," तो म्हणाला. "सुरी दाबून धरायची असते, ती धरता येते. कुंचला हलक्या हातानं धरायचा, तो आता ऐकत नाही. यापुढे कोरेन, रंगवणार नाही."

आउने, त्याची बायको, दारात कॉफी घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "गार होईल." पण मित्रांनो, माझं नशीब त्याच क्षणी फिरलं. तिनं मनाशी ठरवून टाकलं की या माशावरचा रंग जाता कामा नये. आणि रंग जायला काय वेळ लागतो? हाउकी नावाचा दातेरी मासा चावतो, दगड घासतात, आणि माझेच गळ हलून हलून माझंच पोट खरवडतात. म्हणून रंगावर पारदर्शक थर लावावा लागतो. तो कुठला लावायचा, यावरून आमच्या घरात जे सुरू झालं, ते काही मिटेना.

कारण आउनेनं नको त्या माणसाला विचारलं. तिचा धाकटा भाऊ एन्सिओ. होड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, डब्यांवरची बारीक अक्षरं वाचण्याचा नाद असलेला.

"बोटीचं वार्निश, दोन हात," कालेर्वो म्हणाला. "बर्फ गेला की पाण्यात. माझा बाप तेच लावायचा."

"तुझ्या बापाचे मासे बघ भिंतीवर," एन्सिओ म्हणाला. "पोटं चांदीची होती, आता मधात बुडवल्यासारखी दिसतात."

"पिवळ्यालाही चावतातच की."

"चावतात, पण टिकायला नको? हाउकीचे दात बघितलेस का कधी?"

"मेव्हण्या, तुला दात यायच्या आधीपासून बघतोय."

"तुम्ही दोघं गप्प बसा," आउने म्हणाली. "एन्सिओ, सगळ्यात टिकाऊ काय ते सांग."

झालं. असला प्रश्न एन्सिओला विचारायचा असतो का? त्याचे डोळे असे चमकले, की मी तिथेच ओळखलं, आता काही आपली खैर नाही.

आधी वार्निश लावलं, कालेर्वोच्या मताप्रमाणे दोन हात. छान वाळलं, लवचिक, पातळ. मी तयार होतो. तळ्यातला बर्फही वितळायच्या आधी पडतो तसा काळा पडायला लागला होता. पण एन्सिओ म्हणाला, यावर लाकडी जमिनीला लावतात ते लॅकर पाहिजे, त्याच्यावर लोक बूट घालून नाचतात तरी ओरखडा येत नाही. आता तुम्हीच सांगा, माझ्या अंगावर कोण नाचणार होतं?

बरं, एका रंगावर भलतंच काही पडलं तर खालचं सगळं सुरकुततं, दुधावर साय धरावी तसं. म्हणून आधी दुसऱ्या कशावर तरी लावून बघायचं असतं. एन्सिओनं बघितलं. आउनेला लापशी ढवळायचा लाकडी डाव सापडेना, आणि सापडला तेव्हा त्यावर हिरवी पाठ, काळे पट्टे, वर चकचकीत लॅकर.

"एन्सिओ," ती म्हणाली, "आता तू जन्मभर याच डावानं लापशी खायची."

"पण बघ, सुरकुती नाही."

सुरकुती नव्हती, म्हणून ते लॅकर माझ्यावर आलं. आणि धूळ बसू नये, ऊब मिळावी, म्हणून आउनेनं मला सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, छताला टांगलं. शुक्रवारी. शुक्रवारनंतर कुठला वार येतो हे तिला ठाऊक नव्हतं का? शनिवारी सौना तापवायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला स्वप्नातही सुचत नाही. संध्याकाळी दोघे म्हातारे उघडेबंब येऊन बाकावर बसले, आणि एन्सिओनं तापलेल्या दगडांवर पळीपळीनं पाणी ओतायला सुरुवात केली. वाफेचा लोट वर. आणि वर कोण? मी.

"ते काय लटकतंय?" कालेर्वोनं विचारलं.

"कुठे? हां, ते होय. मला वाटलं, आक्कानं कांदा वाळत घातलाय."

"तो माझा मासा आहे."

"मग इथे कशाला टांगलायस?"

"मी टांगला?"

मी ताकात बुडवल्यासारखा पांढरा पडलो होतो. ना पाठ दिसत होती, ना पट्टे. आउनेनं मला हातात घेतलं आणि तडक बाहेर नेलं. मग उन्हात ठेवून ठेवून तो पांढुरकेपणा हळूहळू गेला, पट्टे परत दिसले, आणि तिच्या जिवात जीव आला. मला वाटलं, आता तरी शहाणी होईल. छे. ती आणखी घाबरली. म्हणाली, एवढ्या वाफेनं ही दशा, तर पाण्यात काय होईल?

"इपॉक्सी," एन्सिओ म्हणाला. "दोन बाटल्या, समसमान मिसळायच्या. काच होते काच."

ते मधासारखं दाट असतं, वाळेपर्यंत सारखं फिरवत ठेवावं लागतं, नाहीतर ओघळ पोटाशी जमतो. फिरवायला एन्सिओनं काय आणावं? गावातला नाचाचा मंडप बंद पडला, तिथल्या आरशांच्या गोळ्याची मोटर.

"याच गोळ्याखाली आपण पहिल्यांदा नाचलो," आउने म्हणाली.

"तू नाचलीस," कालेर्वो म्हणाला. "माझ्या पायावर."

ते हसले, आणि मी गरगरत राहिलो. पाठ वर, पोट वर, पाठ वर, पोट वर. उतरवलं तेव्हा मी खरंच काचेचा झालो होतो. आउनेनं मला पुसून खिडकीत ठेवलं, मान तिरकी करून बघितलं, आणि किती दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला. मित्रांनो, मला तिचा राग राग यायचा आणि त्याच वेळी तिच्याकडे बघून राग धरवायचाही नाही. याला काय म्हणायचं?

बर्फ गेला. बर्च झाडांना पानं आली, जूनमधल्या उन्हाळी सणाच्या होळ्याही पेटून विझल्या. माझे भाऊबंद रोज तळ्यावर जायचे आणि खरचटून, मळून, शेवाळ लावून परत यायचे. मी खिडकीत. ऊन आलं की चमकायचं, माशी बसली की सहन करायचं. पाव्हणे आले की "अगं बाई, किती सुंदर". सुंदर! मला मासे पकडायचे होते.

शेवटी जुलैत एके सकाळी कालेर्वो खिडकीशी आला.

"तो मासा घेतो."

"कुठला?" आउने म्हणाली.

"माहितीय कुठला."

"हाउकी चावेल."

"म्हणूनच तर."

ती अंगात स्वेटर घालून त्याच्यामागे निघाली. होडी नेहमी तीच वल्हवते, दोरी तो सोडतो. आणि मी पाण्यात पडलो. गार, खोल, चहूकडे मोकळं. आता बघा म्हणालो, आणि कंबर हलवली.

हलेना.

थर म्हणजे नुसतं काचेचं कवच नसतं हो, ते वजन असतं. माझा तोल सगळा हलक्या सालीवर आणि त्या चपट्या जिभेवर. थरावर थर चढून मी जड झालो होतो, कडा गोल झाल्या होत्या, पाणी मला पकडतच नव्हतं. मी साबणाच्या वडीसारखा सरळ येत राहिलो. बाजूनं एक कोवळा मासा गेला, त्यानंही ढुंकून बघितलं नाही. इतका संताप मला कधी आला नव्हता.

कालेर्वोनं मला वर ओढलं आणि मांडीवर ठेवलं.

"मेलाय," तो म्हणाला.

आउनेनं वल्ही थांबवली. "म्हणजे काय?"

"पोहत नाही. पण तुला पाहिजे होतं तसं झालं. आता याला काही होणार नाही."

होडी आपोआप सरकत राहिली.

"तू म्हणालास, पुन्हा रंगवणार नाही," आउने म्हणाली.

"हो."

"मग मी काय करायचं होतं?"

कालेर्वोनं माझ्या कडेवरून नख फिरवलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला विचारतो कोण. शेवटी तो म्हणाला, "घासून उतरवता येईल. पातळ करायचा, पोहायला लागेपर्यंत."

"घास मग."

त्यानं नुसता हात पुढे केला. तो थरथरत होता. "मी घासला तर थेट सालीपर्यंत जाईन. तुलाच घासावा लागेल."

तर विचार करा. जिनं मला वाचवायला एवढा खटाटोप केला, तिनंच आता धक्क्यावर बसून, ओला पॉलिश पेपर घेऊन, स्वतःच्या हातानं ते कवच उतरवायचं. ती इतकं हळू घासायची की मला गुदगुल्या व्हायच्या. थोडं घासलं की कालेर्वो मला दोरीला बांधून धक्क्याच्या कडेनं ओढायचा.

"अजून."

"रंग दिसायला लागलाय."

"रंग आधीपासून दिसतोय. अजून."

पुन्हा घास, पुन्हा ओढ. मी आतून जोर लावतोय, ती वरून जपतेय. आणि मग शेपटीजवळ, जिथे अंग निमुळतं होतं, तिथे कागद जरा जास्त लागला. तो वाट चुकलेला पट्टा पुसला गेला. खाली तपकिरी साल.

आउनेचा हात थांबला. तिनं त्या जागेवर अंगठा दाबून धरला, जणू रक्त येत होतं.

"अंगठा काढ," कालेर्वो म्हणाला.

"नाही."

"आउने. काढ."

तिनं काढला. त्यानं चष्मा वर करून बघितलं. "बरं झालं. तो पट्टा मला बघवत नव्हता."

"मला आवडायचा."

"माहितीय," तो म्हणाला, आणि मला पुन्हा पाण्यात सोडलं.

आणि मी वळवळलो. मित्रांनो, अख्खा वळवळलो, दोरी थरारली, धक्क्याच्या फळीपर्यंत थरारली. आउनेनं मला पोहताना कधी बघितलंच नव्हतं. ती गुडघ्यावर बसून पाण्यात बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "असा जातो होय हा." अरे, हेच तर मी फेब्रुवारीपासून सांगत होतो.

उघड्या सालीत पाणी शिरलं असतं, म्हणून तिथे बोटीच्या वार्निशचा एक पातळ हात दिला, आणि तो पुरता वाळेपर्यंत कुणी मला शिवलं नाही. सौनातही नेलं नाही. एवढं शहाणपण आलं होतं.

ऑगस्टमध्ये लव्हाळ्याच्या कडेला हाउकीनं मला धरलं. धरलं म्हणजे काय, अंधार झाला आणि चहूबाजूंनी दात. कर्रकर्र आवाज माझ्याच अंगातून आला. कालेर्वोनं ओढलं, आउनेनं जाळी घातली, आणि होडीत तो लांबलचक प्राणी शेपूट आपटायला लागला. पण तिनं आधी मला उचललं. पाठीवर दातांच्या रेघा, आणि एका ठिकाणी भोक, थेट तांबड्या पंखापर्यंत. ती मला उलटसुलट करून बघत होती, आणि मी मनात म्हणत होतो, गेलो, आता पुन्हा खिडकी, पुन्हा मोटर, पुन्हा माशी.

तिनं मला स्वेटरच्या बाहीनं पुसलं.

"वल्ही तू घे," ती कालेर्वोला म्हणाली. "वल्हं दाबून धरायचं असतं, तुला जमेल. याला मी धरते."

आणि तिनं स्वतः मला पाण्यात सोडलं.

परतलो तेव्हा धक्क्यावर एन्सिओ उभा. हातात नवी बाटली आणि एक निळा दिवा. "आक्का, हे बघ, या दिव्याखाली मिनिटात वाळतं, दगडासारखं कडक—"

"एन्सिओ," आउने होडीतूनच म्हणाली, "आत जा आणि बटाटे सोल. सूप करायचंय."

आता माझ्या पाठीवर एवढे दात उमटलेत की पट्टे कुठले आणि ओरखडे कुठले, कालेर्वोलाही सांगता येत नाही. रंग थोडा थोडा जातोय. एक दिवस सगळा जाईल. आउने रोज बघते, कधी एक पातळ हात देते, वाळू देते, आणि सकाळी पुन्हा सोडते. म्हणून मित्रांनो, हात जोडून नाही, जरा वैतागूनच सांगतो, कारण हात मला नाहीत आणि वैताग भरपूर आहे. आवडीच्या वस्तूला जपा, जरूर जपा, पण ती जे करायला जन्माला आली, ते तिला करता येईल एवढंच जपा. थर पातळ द्या, धीर धरून वाळू द्या. आणि मग, कृपा करून, पाण्यात टाका.