पहिल्या पानावरचा हात

मित्रांनो, मी एक जुनी चिकटवही आहे. जन्माने मात्र मी आंब्याचा खोका. माझ्या पुठ्ठ्यावर अजूनही अर्धा हापूस छापलेला दिसतो. उरलेला अर्धा कात्रीखाली गेला. खोका होतो तेव्हा मी 'तो' होतो, वही झाल्यावर 'ती' झाले. फरक एवढाच पडला की काम वाढले!

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत लवूदादांच्या घरी मी राहते. लवूदादा आंबा-सुपारीची बाग करतात. घरात त्यांची आई तुळसा आणि बायको आनंदी. एका मे महिन्यात माझी सारी भावंडे आंबे घेऊन टेम्पोत चढली. माझा एक कोपरा भिजला होता, म्हणून मी मागे राहिलो. आता आपली रवानगी चुलीत, हे मी धरूनच चाललो होतो.

पण त्याच दुपारी आनंदीताईने मोबाइलवर एक गंमत पाहिली. दूर कुठली तरी बाई आपल्या आयुष्याचे तुकडे वहीत चिकटवत होती आणि सांगत होती, "बायकांची गोष्ट लिहायला दुसरे कुणी येणार नाही. कात्री घ्या, खळ घ्या आणि आपली आपणच मांडा." आनंदीताईने मान वर करून भिंतीकडे पाहिले. भिंतीवर लवूदादांची कबड्डीची प्रमाणपत्रे, हार घातलेले सासरे, बोटीवर उभा असलेला दीर. बायका होत्या त्या फक्त लग्नाच्या अल्बमात, त्याही मान खाली घालून.

"माझा काय आसा ह्या घरात?" असे ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने मला कापायला घेतले.

मित्रांनो, मला घडवायला महागाचे काही लागले नाही. पाने वाण्याकडच्या खाकी कागदाची, शिवण गोधडीच्या दोऱ्याची. आत लावायला बिस्किटाच्या डब्यातला खजिना होता. माहेरच्या एसटीचे तिकीट, शिवणाच्या वर्गात जमलेल्या पहिल्या ब्लाउजचा तुकडा, सुकलेली अबोली. तिने सर्वांत आधी स्वतःची लग्नपत्रिका कापली. त्या पत्रिकेत आजोबा, काका, मामा, अगदी शेंबडा पुतण्यासुद्धा ओळीने छापलेला. आई, आत्या, मावश्या मात्र 'समस्त महिला मंडळ' या एका ओळीत कोंबलेल्या. आनंदीताईने त्या ओळीखाली एकेकीचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले. लिहिता लिहिता तिला हसू येत होते आणि मलाही फार बरे वाटत होते.

"शाळेत परत नाव घातलंस काय गो?" लवूदादांनी थट्टा केली.

"होय. तुमका शिकवणी व्हयी तर येवा, बसा," ती म्हणाली. दादा हसत बागेत गेले.

माझे पहिले पान मात्र तिने कोरे ठेवले. ते तुळसाआईसाठी होते. तुळसाआईने उभी हयात काजूच्या कारखान्यात काढली. नवरा लवकर गेला, त्या कमाईवरच तिने लवूदादांना आणि त्यांच्या भावाला वाढवले. पण तिच्या त्या दिवसांचा एक फोटो नाही की एक चिठोरे नाही.

"आये, तुमचा काय लावूया ह्या पानावर?"

"माझा काय असतला गो? काजी फोडलंय नि भात रांदलंय. ता काय चिकटवतंस?"

पान कोरेच राहिले. मला ते फार बोचायचे. बाकीची पाने भरत होती आणि जिच्यामुळे हे घर उभे होते, तिचीच जागा माझ्यात रिकामी होती.

त्यातच पावसाळा आला आणि आमची एक चूक उघडी पडली. आमच्याकडे कागद चिकटवायचा म्हणजे मऊ भाताची खळ, हे ठरलेले. दिवाळीचा आकाशकंदील याच खळीने होतो. पण कंदील काय, चार दिवसांचा पाहुणा! मला वर्षानुवर्षे जगायचे होते. भाताच्या वासाने झुरळे आली आणि माझ्या पानांवर त्यांनी चक्क पंगत मांडली. एसटीचे तिकीट गेले, अबोली गेली. आनंदीताई मला मांडीवर घेऊन रडली.

तेव्हा लवूदादा आत गेले आणि सुपारीवर फवारायला आणलेल्या निळ्या मोरचुदाची पुडी घेऊन आले.

"खळीत चिमूटभर घाल. झुरळ परत येवचा नाय. मगे हात धुव हां, विष आसा ता."

निळसर खळीने माझी दुरुस्ती झाली. खाल्लेल्या कडा तिने तशाच राहू दिल्या. त्याही माझ्या गोष्टीतल्याच ना!

पुढच्या मे महिन्यात तुळसाआई रेशनच्या दुकानातून रागाने तणतणत आली. तिथल्या यंत्राने तिचा अंगठा याही वेळी घेतला नव्हता. अंगणात रतांब्यांचा, म्हणजे ताज्या कोकमफळांचा, ढीग पडला होता. ती तिथेच बसली आणि एकेक रतांबा फोडू लागली.

"यंत्र माका वळखणा नाय गो," ती म्हणाली. "बोटांची रेघच नाय उरली. माझी खूणच नाय."

आनंदीताई तिच्याजवळ बसली. "आये, ही बोटां कशी झाली, ता सांगा."

आणि तुळसाआई पहिल्यांदाच बोलत सुटली. हाताला राख चोळून काजू कसे फोडायचे, तरी त्यांचा चीक बोटांची साल कशी काढायचा, दुपारी सगळ्याजणी एकमेकींच्या डब्यातली पेज कशी प्यायच्या, वाटेने गाणी म्हणत कशा यायच्या. सांगताना तिचा राग कधी निवळला ते तिलाही कळले नाही. आनंदीताईने मला हळूच आणून तिच्यापुढे उघडे ठेवले.

"हात घाण आसा गो," तुळसाआई म्हणाली. रतांब्याच्या रसाने तो लालभडक झाला होता.

"आसूं दे."

तुळसाआईने माझ्याकडे पाहिले आणि तो हात माझ्या कोऱ्या पानावर दाबला. ओला, ऊबदार, जड हात. उचलला तेव्हा तळव्याच्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. बोटांची टोके मात्र गुळगुळीत, कोरी.

"लिही," ती म्हणाली. "ह्यो तुळसाचो हात. ह्या हातान घर चालवला."

संध्याकाळी लवूदादांनी ते पान उभ्या उभ्या वाचले. थट्टा केली नाही. मला नेऊन त्यांनी आपल्या कबड्डीच्या चषकाशेजारी ठेवले.

आता तो लाल रंग तपकिरी झाला आहे. मी फुगून जाडजूड झाले आहे आणि वाडीतल्या बायका रिकामे खोके मागायला दादांकडे येतात. पाहुणे आले की तुळसाआई स्वतःच मला उघडते.

"यंत्र वळखणा नाय तर नाय," ती म्हणते. "ह्या बघा, मी हंय आसंय."

मित्रांनो, खोके टाकू नका, खळीत मोरचूद घालायचे काम मोठ्यांवर सोपवा आणि मला जमिनीवर ओलीत ठेवू नका, एवढे तर मी सांगणारच. पण खरे मागणे वेगळेच आहे. आज घरी गेल्यावर आपल्या आईचा हात हातात घ्या. तिची बोटे नीट बघा आणि ती अशी कशी झाली, ते तिला विचारा. ती म्हणेल, "माझे काय आहे सांगण्यासारखे?" तेव्हा उठून जाऊ नका. पान उघडे ठेवून तिच्याजवळ बसून राहा.