हिल्डाचा केक

मंगळवारी साडेबाराला बेरिल गरम जेवणाचा डबा घेऊन हिल्डा ऑर्मरॉडच्या दारात उभी राहिली, आणि दार उघडताच तिच्या काळजात धस्स झालं. शहाऐंशी वर्षांच्या हिल्डाने चर्चला जायचा निळा झगा घातला होता. गळ्यात मोत्यांची माळ, ओठांना चक्क लाली. म्हणजे कौन्सिलची बाई आली होती!

बेरिल सहा वर्षं गावातल्या म्हाताऱ्यांना जेवण पोचवत होती, स्वतःच्या गाडीतून आणि हौसेने. खर्च कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, पण ज्यांना रांधणं जमत नाही त्यांच्यापुरताच. म्हणून वर्षातून एकदा कोणीतरी घरी येऊन बघून जायचं, आणि दर वर्षी गावातली म्हातारी मंडळी तीच घोडचूक करायची. पाहुणी येणार म्हणून घर लख्ख करायचं, ठेवणीतले कपडे घालायचे, आणि कसं चाललंय असं विचारलं की सांगायचं, छान चाललंय. रडगाणं गायलं तर अब्रू जाते ना! पलीकडच्या गल्लीतला आर्थर असंच छान म्हणाला, त्याचं जेवण बंद झालं, आणि आता बिचारा बिस्किटांवर दिवस काढत होता.

आत कौन्सिलची तरुण बाई केक खात होती. किती सुरेख झालाय, घरी केलात का, असं तिने कौतुकाने विचारलं.

"मग काय, हाताला सवय आहे," हिल्डा म्हणाली.

बाईने कागदावर काहीतरी लिहिलं. केक शेजारणीचा होता, हे बेरिलला बशीवरूनच कळलं. पण परक्या बाईसमोर तिला खोटं पाडलं, तर हिल्डा जन्मात तोंड बघणार नाही. गप्प बसलं, तर उद्यापासून जेवण बंद. बेरिलने हातातल्या वाफाळत्या डब्याकडे पाहिलं.

"मटण गार झालंय, मिसेस ऑर्मरॉड. जरा ओव्हनमध्ये ठेवते."

"राहू दे. मला गारच आवडतं," हिल्डा घाईघाईने म्हणाली.

तोवर बेरिलने ओव्हनचं दार उघडलंही होतं. आत स्वेटर होते! नीट घड्या घातलेले, रंगवार लावलेले, मध्येमध्ये डांबराच्या गोळ्या. दोन वर्षांपूर्वी गॅस चालूच राहिला होता, बंबवाले आले होते, तेव्हापासून हिल्डाने काही पेटवलंच नव्हतं.

हिल्डा खिडकीबाहेर बघत राहिली.

"तिथे कसर लागत नाही," शेवटी ती म्हणाली.

कौन्सिलची बाई हसली नाही. तिने आधीची ओळ खोडली, नवी लिहिली, आणि जेवण चालू राहील असं हलक्या आवाजात सांगितलं. जाताना केकचा आणखी एक तुकडाही मागून घेतला. बेरिल निघाली तेव्हा मात्र हिल्डाने मानसुद्धा वळवली नाही.

बुधवारी मासे होते. बेरिलने जीव मुठीत धरून बेल वाजवली. हिल्डाने दार उघडलं, न बोलता टेबलाशी जाऊन बसली आणि डब्याचं झाकण काढलं. समोरच्या खुर्चीवर एक हिरवा स्वेटर ठेवलेला होता.

"अंगाला बसतो का बघ," माशातला काटा काढत ती म्हणाली. "ओव्हनमध्ये जागा पुरत नाही."

बेरिलने तो तिथेच चढवला. बाह्या चार बोटं आखूड होत्या, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास तर नाकात भिनला.

"आता टेक की खाली," हिल्डा म्हणाली. "चुगलखोर माणूस डोक्यावर उभं असलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही."